भाव विचारून परत येणारा मुलगा

शंकर नगरातल्या समुपदेशक बाईंनी मला फसवलं. फसवणाऱ्या त्या, फसलेली मी, आणि मधला माल म्हणजे माझा मुलगा. न बोलणारा मुलगा मी त्यांच्याकडे नेला होता आणि दुकानात बसून गिऱ्हाइकाशी बोलेल असा करून मागितला होता. बोलता त्यांनी केला, नाही म्हणत नाही. पण बोलून त्यानं काय सांगितलं, तर दुकानात बसायचं नाही.

माझं भांड्यांचं दुकान आहे, सदर बाजारात. ते मला कोणी दिलेलं नाही. लग्न होऊन विदर्भातून रायपूरला आले तेव्हा आमचे हे रेल्वेत कारकून होते आणि क्वार्टरच्या दोन खोल्या होत्या. शेजारणींना स्टीलचे डबे विकण्यापासून मी सुरुवात केली. मग बोचकं बांधून अभनपुरच्या बाजाराला जायला लागले, बसमध्ये भाजीच्या टोपल्यांच्या मध्ये बसून. मग भाड्याचा ओटा, मग दुकान. ह्यांचा स्वभाव शांत आहे. आमच्या संसारात भांडणं पुष्कळ झाली, पण आवाज एकाच बाजूनं आला.

भांड्यांच्या धंद्यात सगळा खेळ पायऱ्यांवर असतो. इकडे लग्नात नातेवाईक नवरा-नवरीला भांडी देतात, त्याला टिकावन म्हणतात. त्याच्या खरेदीला खेड्यावरून अख्खं घर येतं, आणि ठरवते ती आजी. आजी भाव ऐकते, तोंड वाकडं करते, उठते, चपला घालते आणि पायऱ्या उतरायला लागते. उतरते ती हळू, कारण तिला जायचं नसतंच. दुकानदारानं ती रस्त्याला लागायच्या आत हाक मारायची असते. हाक मारलीच नाही तर तिचा अपमान होतो आणि ती पुन्हा कधी येत नाही. फार लवकर मारली तर आपला माल मातीमोल जातो. हाक नेमकी केव्हा मारायची हे ज्याला कळलं त्याला धंदा कळला.

माझा मुलगा आजी उठायच्या आधीच भाव उतरवायचा. कधीकधी आजी तोंड उघडायच्या आधी.

बी.कॉम. झाल्यावर त्याला मी दुकानात बसवला होता. एकुलता एक. लहानपणापासून लाजाळू, पाहुणे आले की पलंगाच्या मागे. मला वाटलं, दुकानात चार माणसं बघेल, सुटेल. झालं उलटंच. गिऱ्हाईक पायऱ्या चढलं की त्याच्या कपाळावर घाम यायचा. फोन वाजला की तो गल्ल्यावरून उठून मागच्या गोदामात जायचा आणि तिथल्या परातींचे ढीग पुन्हा लावत बसायचा. माझ्या गोदामासारखं लावलेलं गोदाम सबंध बाजारात नव्हतं, विक्री मात्र नव्हती. मग एक दिवस दुपारी मी जेवून लवकर परतले, तर समोरच्या चहाच्या टपरीवर खेड्यावरच्या बायका रांगेनं बसलेल्या. त्यातली एक चहावाल्याला विचारत होती, "बाबू बइठे हे का?" म्हणजे मी उठून मुलगा बसायची वाट बघत त्या टपरीवर बसल्या होत्या. बाजाराला माझ्या मुलाचं वेळापत्रक पाठ झालं होतं.

त्या दिवशी मी त्याला गिऱ्हाइकांसमोर बोलले. खूप बोलले. मला हळू बोलता येत नाही. हळू बोलले असते तर अजून अभनपुरच्या बसमध्ये असते.

त्यानंतर तो दुकानात आलाच नाही. आधी डोकं दुखतं म्हणाला, मग काहीच म्हणेना. भिंतीकडे तोंड करून पडायचा. आंघोळ सांगावी लागायची. पुढ्यात ताट ठेवलं की भात चिवडून ताट परत. मी शेवयांची खीर केली, पाटवड्या केल्या, शिव्या दिल्या, काही लागू पडेना. माझ्याशी तो एरवीही हिंदीतच बोलायचा, इकडची पोरं तशीच, मराठीत विचारलं तरी उत्तर हिंदीत येतं. आता हिंदीही बंद झाली. नुसतं हूं.

नातेवाईक उपाय घेऊन आले. जावेनं मीठ-मिरच्या ओवाळल्या, त्यात सगळं घर खोकलं, तो मात्र खोकला नाही. माझा भाऊ म्हणाला, लग्न करून टाक. मी म्हटलं, ज्याला गिऱ्हाइकाकडे बघवत नाही तो बायकोकडे काय बघणार. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्त, हृदय, सगळं तपासलं आणि शरीर ठणठणीत आहे म्हणाले. मग मला बाहेर पाठवून त्याच्याशी एकट्याशी बोलले. आत बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता. ह्याला एकटं सोडू नका आणि समुपदेशकाकडे न्या, उशीर करू नका, असं त्यांनी सांगितलं. मी म्हणाले, आमच्या घरात वेडं कोणी नाही. डॉक्टर काही बोलायच्या आत आमचे हे उठले. संसारात ज्या थोड्या वेळा त्यांनी माझ्या आधी तोंड उघडलं त्यातली ही एक.

"चाल," ते म्हणाले, "नेऊन राहिलो आपण त्याले."

समुपदेशक बाई तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. पहिल्या मजल्यावर खोली, चपला बाहेर काढायच्या, आणि आत टेबल नाही. नुसत्या खुर्च्या समोरासमोर. मध्ये टेबल नसलं की मला धंदा सुचत नाही, पण मी दाखवलं नाही. बाई हिंदी बोलणाऱ्या. त्यांचं बोलणं मी इथे मराठीत देते. आधी त्या मुलाशी बराच वेळ एकट्या बोलल्या. म्हणजे त्या बोलल्या आणि तो बसला. मग मला आत घेतलं, त्याला विचारून, हे मला खटकलं. माझ्याच मुलाजवळ बसायला मुलाची परवानगी.

त्यांनी सांगितलं की ह्यात तीन गोष्टी आहेत. लाजाळूपणा हा त्याचा स्वभाव आहे. त्यावर भीती चढली आहे, समोरचा माणूस आपल्याला तोलतो आहे आणि आपण कमी भरणार आहोत अशी. आणि त्या भीतीनं एकेक गोष्ट टाळता टाळता आता उदासी बसली आहे. ती आधी सांभाळायला हवी, तिच्यासाठी गोळ्या लागतील, त्या देणारे डॉक्टर वेगळे.

मी सगळं ऐकून घेतलं आणि सवयीनं म्हणाले, "तीन जास्त होतात मॅडम. दोन धरा."

बाई हसल्या नाहीत. "आंटी, हे वजन नाही आहे."

"स्वभाव म्हणता ना, मग तो काढून टाका त्यातून. आणि उदासीच्या मागून भीती आली म्हणता..."

"भीतीच्या मागून उदासी."

"तेच. एक गेली की दुसरी तिच्यासंगं गेली पाहिजे."

त्या म्हणाल्या, तसं होऊ शकतं, पण वेळ लागेल. मी म्हणाले, किती ते सांगा. लगीनसराईच्या आधी मला मुलगा गल्ल्यावर पाहिजे. त्या म्हणाल्या, तारीख मी देऊ शकत नाही. कारागिराला माल दिला तर तोसुद्धा तारीख देतो, पाळत नाही ही गोष्ट वेगळी. मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच शांत उत्तर दिलं. तेव्हा मला कळलं की आता उठायची वेळ झाली.

मी उठले. पर्स घेतली. बाहेर येऊन चपला घातल्या, सावकाश. जिना उतरायला लागले, कठडा धरून, प्रत्येक पायरीवर जरा थांबत. वरून हाक आली नाही. मी वळणावर उभी राहिले, पर्समध्ये फोन वाजतो का बघितल्यासारखं केलं. हाक आली नाही. जिना संपला.

खाली आमचे हे स्कूटरला टेकून पेपर वाचत होते. त्यांनी पेपराच्या वरून बघितलं.

"आवाज नाही दिला?"

"नाही."

"मग आता?"

ह्या धंद्यात इतकी वर्षं गेली, पण पायऱ्या उतरून कोणी हाक न मारल्याचा प्रसंग माझ्यावर आला नव्हता. रागानं कान तापले. पण वर मुलगा होता, आणि डॉक्टरांचा तो बदललेला चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून जात नव्हता. मी पुन्हा जिना चढले. दाराशी पोचले तर आतून आवाज आला, आणि तो मुलाचा होता. "आएगी वापस," तो बाईंना सांगत होता, "आप बस बुलाना मत।"

कितीतरी दिवसांनी ऐकलेलं त्याचं हे पहिलं सबंध वाक्य. मी चपला हातात धरून दारात उभी. राग करावा की पेढे वाटावेत ते कळेना. म्हणजे ह्या पोट्ट्याला धंदा येत होता. हाक केव्हा मारायची नाही, हे तर मलाही कधी इतकं नेमकं कळलं नव्हतं. आत गेले. बाई "बसा" म्हणाल्या, काहीच न घडल्यासारख्या. मुलानं तोंडावर हात धरला होता. डोळे हसत होते.

तारीख न ठरवता मी सौदा केला. असा माझ्या हातून दुसरा झालेला नाही.

मग दर आठवड्याला शंकर नगर. गोळ्यांनी आधी झोप आली, मग भूक. आधी नुसती वरण-पोळी, मग एकदा त्यानं वरून लोणचं मागितलं, तर मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आले आणि लोणचं जास्तच आणलं. तो आत काय बोलायचा ते बाई मला सांगत नसत. मी आडून विचारलं, सरळ विचारलं, घरच्या करंज्या नेऊन विचारलं. करंज्या त्यांनी घेतल्या, सांगितलं काहीच नाही. मला मात्र एक काम लावलं: त्याला प्रश्न विचारल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प बसायचं. हे ऐकायला सोपं आहे. त्या गप्प बसण्यानं मला पित्त व्हायचं. पण थांबलं की उत्तर यायचं, हेही मी बघितलं.

पुढे त्याला गृहपाठ सुरू झाला. भीती ज्या गोष्टीची, ती थोडी थोडी करून बघायची. आधी अनोळखी माणसाला रस्ता विचारायचा. मग दुकानात जायचं, एका वस्तूचा भाव विचारायचा, "नको" म्हणायचं आणि काही न घेता परत यायचं. लोक काय म्हणतील ते म्हणू द्यायचं. बाईंनी हे ठरवलं तेव्हा मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, शंकर नगरात करा, तेलीबांध्याच्या तलावाजवळ करा, पण सदर बाजारात करू नका. मला विचारलं नाही. आणि मुलगा लाजाळू, दूर जायला घाबरणारा. तो आपल्याच बाजारात गृहपाठ करायला निघाला. आणि भांड्यांखेरीज त्याला दुसऱ्या कशाची माहिती नाही, म्हणून भांड्यांच्याच दुकानांत.

रोज सकाळी एक दुकान. कढईचा भाव काय? अच्छा. नको. नमस्ते. दुसऱ्या दिवशी पुढचं दुकान. परातीचा भाव काय? नको.

बाजारात हलकल्लोळ झाला. कोणी तोंडावर काही म्हणेना, पण मी रस्त्यानं निघाले की दुकानदार भावाच्या चिठ्ठ्या उलट्या करायला लागले. एकानं मला नमस्कार करणं सोडलं. शेवटी माझ्या शेजारचे शेठ, ज्यांची आणि माझी भिंत एक आणि स्पर्धा जुनी, दुकानात आले. बसले नाहीत. म्हणाले, दीदी, मुलाला पाठवून सगळ्या बाजाराचा भाव काढताय, सगळ्यांपेक्षा भाव पाडून विकायचा विचार आहे का, धंद्यात इमान असतं. त्यांनी भीतीपोटी आपल्या डब्यांचे भाव आधीच उतरवलेले होते, हे मला त्यांच्या रागावरून कळलं.

खरं सांगायचं तर एक वाक्य पुरे होतं. मुलगा आजारी आहे, इलाज चालू आहे, त्यातलाच हा भाग आहे. ते वाक्य माझ्या जिभेवर आलं आणि तिथेच बसलं. उद्या ह्याचं लग्न जमवायचं आहे, ह्या बाजाराच्या तोंडात तीळ भिजत नाही. मी मान वर केली आणि म्हणाले, "हव, भाव काढून राहिली मी. तुमच्यात हिंमत असंल तर तुम्ही बी काढा."

भुरटेपणा माझ्या नावावर लागला तर लागू दे, मुलाच्या नावावर काही नको. मला तेव्हा वाटलं, फार मोठं काम केलं. शेठ तणतणत गेले. मी वळले तर मागच्या गोदामाच्या दारात मुलगा उभा होता; गृहपाठ झाला की हल्ली तो तिथे परातींपाशी येऊन बसायचा. त्यानं सगळं ऐकलं होतं.

तो माझ्या बाजूनं निघून पायऱ्या उतरला आणि शेजारच्या दुकानाच्या पायऱ्या चढला. मी मागोमाग, पण भिंतीच्या अलीकडेच थांबले. त्याचा आवाज थरथरत होता, तरी ऐकू येत होता. "काकाजी, मम्मी झूठ बोल रही है। मेरा डिप्रेशन का इलाज चल रहा है। लोगों से बात करने में डर लगता है, इसलिए दाम पूछने निकलता हूँ।" दुकानात दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. असं सांगितलं त्यानं. सदर बाजारात, सकाळच्या वेळी, भरल्या दुकानात.

शेठनी विचारलं, इलाज कुठे चालू आहे. मुलानं सांगितलं. शेठ म्हणाले, जरा सावकाश सांग, लिहून घेतो, आमच्या घरी सूनबाई कोणाशी बोलत नाही, खोलीतून निघत नाही. मग दोघं काय बोलले ते ऐकू आलं नाही, कारण ते हळू बोलायला लागले. माझा मुलगा आणि माझा वैरी, एका बाकावर, अर्धा पाऊण तास. मुलगा परत आला तेव्हा त्याच्या हातात चहाचा रिकामा कप होता.

घरी मी बोलले. अब्रू, बाजार, लग्न, खाल्लेल्या खस्ता, सगळं काढलं. आमचे हे पंख्याकडे बघत बसले. माझं संपल्यावर मुलगा थोडा थांबला, जसं मला थांबायला शिकवलं होतं तसं, आणि मराठीत म्हणाला, "आई, मले दुकानात बसायचं नाही."

मराठीत. मी हिंदी समजलं नाही असं म्हणू नये म्हणून.

"काहून?"

"तिथं दिवसभर सगळे एकमेकाले तोलून राहिले. मले जमते आता, पण मले ते करायचं नाही. तू रागावशील, माहीत आहे. मी तरी सांगून राहिलो."

डोळे त्यानं माझ्यावरून हलवले नाहीत. असा जर तो गिऱ्हाइकासमोर बसला असता तर सबंध सदर बाजार त्यानं खिशात घातला असता. हेच तर माझं दुःख आहे. मुलगा धंद्याला नालायक असता तर मी कपाळाला हात लावून गप्प बसले असते. पण हा माझ्याहून सरस निघाला, आणि त्याला तेच करायचं नाही.

आता तो नवा रायपुरात एका कार्यालयात हिशेब तपासायला जातो. रुंद रस्ते, माणसं कमी, बस कधी येते कधी नाही. थांब्यावर उभ्या माणसाशी आपणहून बोललो, असं एकदा त्यानं येऊन सांगितलं. कशाबद्दल, तर बस कुठे अडली असेल त्याबद्दल. वाईट दिवस अजून येतात, तेव्हा तो आधी सांगतो आणि शंकर नगरला जाऊन येतो. शेठची सून आता गच्चीवर कपडे वाळत घालायला येते, आणि शेठ मला दीदी म्हणतात पण त्यात आता खवटपणा नसतो, त्यामुळे मला उत्तर सुचत नाही. दुकानात मी एकटी बसते.

मी बाईंकडे गेले आणि सांगितलं, हा सौदा मला मान्य नाही. त्या म्हणाल्या, आंटी, तो बरा होतो आहे. मी म्हणाले, होतो आहे, मी आंधळी नाही. जेवतो, झोपतो, हसतो, देवापुढे बसून मी रोज तुमचं नाव घेते. पण मी मागितलं काय होतं? तर त्या म्हणतात, हे तुम्ही त्यालाच विचारा, तो सांगेल.

विचारते ना. तो सांगतोही. रोज जेवताना, आवाज न चढवता, माझ्याकडे बघून, मी जितक्या वेळा विचारीन तितक्या वेळा. तो जबाब मला पाठ झाला आहे आणि तो मला नको आहे. मॅडम, हात ठेवून दाखवलेल्या मालापेक्षा वेगळा माल दिला की दुकानदाराला जाब विचारतात. मी तुमच्याकडे गल्ल्यावर बसणारा मुलगा मागितला होता. तुम्ही मला नाही म्हणू शकणारा मुलगा दिलात, आणि तोही असा की परत करायला माझा जीव होत नाही. हे तुम्ही कोणत्या हिशेबानं केलंत? उत्तर येईपर्यंत गप्प बसायला तुम्हीच मला शिकवलं आहे. मी इथे बसले आहे. द्या जबाब.